एरोस्पेसच्या एमएस-पीएचडीला अप्लाय करताना घेतलेली ऑनलाइन कन्सल्टन्सी : ५ पैकी अडीच स्टार

आधीच सांगते, कंपनीचं नाव टाकत नाहीये. एक तर अशा ढिगाने आहेत आणि सगळ्यांचं पॅकेज थोड्याफार फरकाने तेच असतं, प्रोफाइल इव्हॅल्युएशन, युनिव्हर्सिटी शॉर्टलिस्ट, एसओपी (स्वतःबद्दलचा, का शिकायचंय ते सांगणारा निबंध), एलओआर (शिफारसपत्रं), मॉक इंटरव्ह्यू, वर व्हिसा. दुसरं म्हणजे मला कुणाशी वाद घालायचा नाहीये, फक्त एरोस्पेसला अप्लाय करणाऱ्यांनी असल्या सर्विसकडून काय घ्यावं आणि कुठे आपलं डोकं वापरावं एवढंच लिहायचंय. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना हीच सर्विस मस्त वाटत असणार, त्यांचेच तर सगळे पाच-पाच स्टार दिसतात.

जे चांगलं होतं ते आधी. डेडलाइन ट्रॅकर खरंच भारी आहे. अमेरिकेत फॉलसाठी पीएचडीच्या तारखा साधारण डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात, त्यातही फेलोशिपसाठी विचार व्हायला हवा असेल तर वेगळी तारीख, नुसत्या एमएसला वेगळी, कुठलं पोर्टल रात्री बारा म्हणजे कुठल्या टाइम झोनचे बारा धरतं ते वेगळंच, हे सगळं त्यांनी एका शीटमधे नीट लावून दिलं होतं आणि एक माणूस नेमाने फोन करून विचारायचा की ट्रान्सक्रिप्ट अपलोड झाली का, रेकमेंडरना लिंक गेली का. हा माणूस एक नंबर. अप्लाय करताना बहुतेक ठिकाणी ट्रान्सक्रिप्टची साधी स्कॅन कॉपी चालते, सीलबंद ऑफिशियल वगैरे अ‍ॅडमिट मिळाल्यावर मागतात, त्यामुळे आत्ताच धावपळ करू नका, हे त्यानेच सांगितलं. जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी चार ठिकाणी स्कोअर फुकट पाठवता येतो, नंतर प्रत्येकाचे पैसे पडतात, हेही त्याने वेळेवर आठवण करून दिली. फॉर्म, तारखा, कागद, या खात्यात पूर्ण मार्क.

पण जीआरईचंच त्यांचं मटेरियल बघाल तर आनंदीआनंद. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झालीये, पावणेचार तासांची होती ती आता दोन तासांच्या आतबाहेर संपते, आणि 'आर्ग्युमेंट' वाला निबंध काढूनच टाकलाय. यांच्या पीडीएफमधे मात्र त्या निबंधाचे टेम्प्लेट अजून ऐटीत बसलेत. वर काउन्सेलर मॅडम म्हणे जीआरई सगळीकडे लागतेच. अहो, कितीतरी डिपार्टमेंट्सनी ती ऐच्छिक केलीये, काही तर स्कोअर बघतच नाहीत, प्रत्येकाच्या पेजवर स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि दरवर्षी बदलू शकतं म्हणून त्याच वर्षीचं पेज बघायचं.

आता खरं दुखणं, शॉर्टलिस्ट. मला आलेली यादी म्हणजे रँकिंगचा तक्ता, त्यावर अ‍ॅम्बिशियस, मॉडरेट, सेफ अशी लेबलं. एमआयटी, स्टॅनफर्ड, कॅलटेक वर, मग जॉर्जिया टेक, पर्ड्यू, मिशिगन, मग खाली 'सेफ'. एरोस्पेसमधे हे असं चालतच नाही. एकाच डिपार्टमेंटमधे एकजण हेलिकॉप्टरच्या रोटरवर काम करतो, शेजारचा उपग्रहांच्या कक्षांवर, तिसरा कंबशनवर, आणि तुम्हाला जे करायचंय ते तिथे कुणी करतच नसेल तर त्या रँकचं काय लोणचं घालायचं? रोटरक्राफ्ट हवं असेल तर मेरीलँड, पेन स्टेट, जॉर्जिया टेक ही नावं आधी डोक्यात यायला हवीत, व्हर्टिकल लिफ्टची सेंटर्स तिथे वर्षानुवर्षं आहेत. अ‍ॅस्ट्रोडायनॅमिक्स म्हटलं की कोलोरॅडो बोल्डर. रॉकेट आणि प्रॉपल्शन म्हटलं की पर्ड्यूची झुक्रो लॅब, हायपरसॉनिकची विंड टनेलसुद्धा पर्ड्यूलाच आहे, माक ६ ची (आवाजाच्या सहापट वेगाची) 'क्वाएट' टनेल, म्हणजे जिच्यात भिंतींवरून येणारा गोंगाट मुद्दाम कमी ठेवलाय, कारण तो गोंगाट असला की लॅमिनार (शांत) फ्लो टर्ब्युलंट (खळबळीचा) कधी होतो ते खोटंच दिसतं. स्क्रॅमजेटची (आवाजाच्या कितीतरी पट वेगात चालणाऱ्या जेट इंजिनची) आवड असेल तर ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड, २००२ मधे हायशॉट हा त्याचा प्रयोग त्यांनीच उडवला. यातलं एकही वाक्य मला काउन्सेलरकडून मिळालं नाही. मी विचारलं की लो रेनॉल्ड्स नंबरवर (छोट्या, संथ उडणाऱ्या पंखांवर) काम करणारे लोक कुठे आहेत, तर उत्तर आलं की 'मॅम, तुमच्या प्रोफाइलला ही युनिव्हर्सिटी सूट होते'. बरं.

युरोप आणि कॅनडाच्या बाबतीत तर नुसत्या पाट्या टाकल्यात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची मास्टर्स दोन वर्षांची, १२० क्रेडिट्सची, तिच्यात मोठा थीसिस. इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डची एक वर्षाची, तिथे युनिव्हर्सिटीचं स्वतःचं विमानतळ आहे आणि एअरक्राफ्ट डिझाइनवाल्यांना ग्रुप प्रोजेक्टमधे अख्खं विमान डिझाइन करायला लावतात. शीटमधे या दोन्हींपुढे एकच शेरा, 'गुड फॉर जॉब्स'. टोरांटो युनिव्हर्सिटीच्या यूटीआयएएस या एरोस्पेस इन्स्टिट्यूटला एमएएससी म्हणजे रिसर्च आणि थीसिसवाली डिग्री, तिला फंडिंग असतं, आणि एमइंग म्हणजे कोर्सेस करून बाहेर पडायची. मी पहिल्या कॉलमधेच म्हटलं होतं की मला रिसर्च करायचाय, तरी यादीत एमइंग. ब्रसेल्सजवळच्या व्हॉन कार्मान इन्स्टिट्यूटचं तर नावही ऐकलेलं नव्हतं त्यांनी, जिथे एक वर्षाचा रिसर्च मास्टर होतो आणि टनेल्सची रांग लागलीये. (जाता जाता, डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला डेल्फी-सी३ हा छोटा उपग्रह २००८ मधे आपल्या पीएसएलव्ही-सी९ वरूनच गेला होता. विद्यार्थी असताना खरं हार्डवेअर हाताळायला मिळतं का, हा शॉर्टलिस्टचा निकष असायला हवा, पण त्यांच्या शीटमधे तसला कॉलमच नाही.)

आता जो मुद्दा एरोस्पेसवाल्यांनी सगळ्यात आधी विचारायला हवा तो, आणि इथेच माझं डोकं फिरलं. अमेरिकेत आयटार नावाचे नियम आहेत, शस्त्रास्त्रं आणि तत्सम तंत्रज्ञान परदेशी माणसाच्या हातात जाऊ नये म्हणून केलेले, आणि रॉकेट, क्षेपणास्त्रं, लष्करी विमानं यातलं बरंच काही त्यात येतं. गंमत अशी की माहिती देशाबाहेर पाठवायचीच गरज नाही, तिथल्या लॅबमधे बसलेल्या परदेशी विद्यार्थ्याला ती दाखवली तरी निर्यात केल्यासारखंच धरतात. नागरिक, ग्रीन कार्डवाले, आणि आश्रय मिळालेले लोक यातून सुटतात, बाकीच्यांना ठरावीक प्रोजेक्ट्सवर घेताच येत नाही. क्लासमधे शिकवलेलं आणि खुलेपणाने छापायचं मूलभूत संशोधन याला सूट असते, त्यामुळे डिग्री अडत नाही, अडतो तो अ‍ॅडव्हायझर आणि त्याचा पैसा. प्रोफेसरचं निम्मं फंडिंग संरक्षण खात्याचं आणि प्रोजेक्ट बंदिस्त असेल तर तो तुम्हाला कितीही आवडला, तुम्ही त्याला कितीही आवडलात, तरी तो आरएशिप (रिसर्च असिस्टंटची पगारी जागा) देऊ शकत नाही. म्हणून मेलमधे किंवा कॉलवर सरळ विचारायचं की तुमच्या ग्रुपमधे परदेशी विद्यार्थी कुठल्या प्रोजेक्टवर आहेत. लॅबच्या पेजवर सध्याच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांची यादी असते तीही बघायची, अंदाज येतो.

हे मी काउन्सेलरना विचारलं तर 'आयटार म्हणजे कुठली टेस्ट?' अशा सुरात उत्तर. त्याच आठवड्यात स्कॉलरशिपची यादी पाठवली, त्यात एनएसएफ या अमेरिकन सरकारी संस्थेची जीआरएफपी फेलोशिप, जी फक्त अमेरिकन नागरिक आणि कायम रहिवाशांना मिळते, आणि नासाची स्पेस टेक्नॉलॉजीवाली ग्रॅज्युएट फेलोशिप, तिचंही तेच. म्हणजे मला जिथे फॉर्मच भरता येत नाही अशा दोन गोष्टी हायलाइट करून पाठवल्या. वर मार्केटिंगच्या कॉलमधे 'एमएसनंतर नासा' ही थाप होतीच. नासात थेट सरकारी नोकरीला अमेरिकन नागरिकत्व लागतं, युरोपियन स्पेस एजन्सीच्या जागाही मुख्यतः सदस्य देशांच्या नागरिकांना असतात. कल्पना चावलाचंच बघा ना, १९८४ मधे टेक्सस अर्लिंग्टनहून मास्टर्स, १९८८ मधे बोल्डरहून पीएचडी, मग नासाच्या एम्स सेंटरला पॉवर्ड लिफ्टच्या सीएफडीवर (कॉम्प्युटरवर हवेचा प्रवाह सोडवण्यावर) काम, १९९१ मधे नागरिकत्व, आणि त्यानंतर १९९४ मधे अंतराळवीर म्हणून निवड. क्रम बघा. आणि अर्लिंग्टन यांच्या शीटमधे 'सेफ' च्याही खालच्या रांगेत होतं हे आपलं सहज.

ब्रिटनचंही तसंच, तिथे आयटारऐवजी एटास. एरोस्पेससारख्या विषयात मास्टर्स किंवा पीएचडी करायची तर बऱ्याच देशांच्या विद्यार्थ्यांना व्हिसाआधी हे क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं, भारतीयांनाही लागतं, फी नाही पण वेळ जातो, कित्येक आठवडे, आणि उन्हाळ्यात गर्दी असते. यांचं व्हिसा पॅकेज वेगळं विकत घ्यायचं असतं, त्या पॅकेजच्या चेकलिस्टमधे एटासचा उल्लेखच नाही! मी विचारल्यावर म्हणाले अपडेट करतो.

एसओपी. इथे मी लांबण लावणार आहे कारण लोक सगळ्यात जास्त पैसे याच्यावर घालवतात. मी कच्चा ड्राफ्ट दिला होता, त्यात माझ्या फायनल इयर प्रोजेक्टचं एक लांब पॅरा होतं. छोट्या ड्रोनच्या पंखासाठी एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) निवडला, एक्सफॉइलमधे चालवला, मग कॉलेजच्या विंड टनेलमधे तपासला, आणि दोन्ही जुळेनात. एक्सफॉइल म्हणजे एमआयटीच्या मार्क ड्रेलाने १९८६ च्या सुमारास लिहिलेला प्रोग्रॅम, फुकट मिळतो, पॅनल मेथड (पंखाभोवतीच्या प्रवाहाचं सोपं गणित) आणि बाउंड्री लेयर (पंखाला लागून असलेला हवेचा थर) एकत्र सोडवतो, लो रेनॉल्ड्स नंबरला जीव की प्राण. पण स्टॉलच्या (लिफ्ट कोसळते त्या अवस्थेच्या) आसपास फ्लो पंखापासून मोठ्या प्रमाणात सुटला की त्याची गृहीतकं ताणली जातात आणि जास्तीत जास्त लिफ्ट तो सहसा वाढवून सांगतो. दुसरं म्हणजे त्यात एन-क्रिट नावाचा आकडा असतो, हवा किती शांत आहे ते सांगणारा, तो आपोआप ९ असतो, म्हणजे सरासरी बऱ्या टनेलसाठी, आणि आमची टनेल काही बरी नव्हती, तिला ४ ते ८ मधलं काहीतरी द्यायला हवं. तो आकडा खाली आणल्यावर ड्रॅग बराचसा जुळला, स्टॉल काही जुळला नाही, आणि का जुळला नाही याचे दोन अंदाज मी लिहिले होते.

एडिटरने काय करावं? हे अख्खं पॅरा उडवलं. कारण, 'टू टेक्निकल, आणि रिझल्ट निगेटिव्ह वाटतो'. त्याजागी काय आलं तर लहानपणी आकाशातलं विमान बघून मला पंख फुटले, तेव्हापासून माझं पॅशन, आणि खाली 'स्टेट ऑफ द आर्ट सीएफडी सिम्युलेशन्स केली' असं एक वाक्य. एक्सफॉइलला स्टेट ऑफ द आर्ट सीएफडी म्हणणं म्हणजे पहिल्याच प्रश्नाला तोंडावर आपटायची सोय. कुठली मेश (गणितासाठीची जाळी) वापरली, टर्ब्युलन्स मॉडेल कुठलं, ग्रिड कन्व्हर्जन्स दाखवला का, असं विचारलं की मी काय सांगणार, मेशच नव्हती! आणि आकाशातलं विमान लहानपणी सगळ्यांनीच बघितलेलं असतं हो, एसओपी वाचणाऱ्यानेही. मी माझं पॅरा जसंच्या तसं परत घातलं, पंख काढून टाकले. नंतर एका प्रोफेसरशी कॉल झाला तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळ ते एन-क्रिट आणि टनेलच्या टर्ब्युलन्सवरच बोलत होते, तुम्ही तो मोजला का, हॉट वायर (तो मोजायची तार) होती का, नव्हती तर दुसरं काय करता आलं असतं. लहानपणाबद्दल काही विचारलं नाही.

एक मान्य करायला हवं, ग्रामर आणि लांबी त्यांनी नीट केली. माझी वाक्यं लांब होतात (दिसतच असेल), ती तोडून दिली, दोन पानांवरचं दीड पानात आणलं, ते उपयोगी पडलं. म्हणजे भाषा तपासायला द्या, मजकूर ठरवायला देऊ नका.

एलओआरचं मात्र मला पटलंच नाही. पॅकेजमधे लिहिलेलं की 'आम्ही रेकमेंडेशन लेटर्स ड्राफ्ट करून देऊ', सर फक्त सही करतील. एक तर हे बरोबर नाही, आणि तिन्ही पत्रं एकाच हाताची वाटली की कमिटीला कळतं, ते लोक दर हिवाळ्यात ढीगभर वाचतात. मी नको म्हटलं. सरांना त्याऐवजी एक पान पाठवलं, प्रोजेक्टमधे काय काय केलं, कुठे अडलं, टनेलच्या बॅलन्सचं (बल मोजायच्या यंत्राचं) झीरो रीडिंग सरकत होतं ते कसं पकडलं वगैरे, आणि पुढे त्यांचं त्यांनी लिहिलं. फॉर्ममधे पत्र बघायचा हक्क सोडता का असं विचारतात तिथे हो करा, नाहीतर पत्राला वजन राहत नाही. हे फॉर्मवाल्या माणसाने सांगितलं, ड्राफ्टवाल्यांनी नाही. एकाच कंपनीत दोन तऱ्हा.

प्रोफेसरना मेल करायचं टेम्प्लेट : 'आय अ‍ॅम फॅसिनेटेड बाय युअर ग्राउंडब्रेकिंग वर्क', खाली पेपरचं नाव भरायला रिकामी जागा. नका वापरू. एक पेपर खरंच वाचा, त्यातल्या एका ग्राफवर एक प्रश्न विचारा, चार-पाच ओळीत संपवा. आणि हेही बघा की मेलचा उपयोग कुठे आहे, अमेरिकेतल्या पीएचडीला अ‍ॅडव्हायझरचं मत जड असतं, नुसत्या कोर्सवर्कच्या एमएसला कमिटी ठरवते, डेल्फ्टसारख्या ठिकाणी मास्टर्सला प्रोफेसर प्रवेश देत नाही आणि पीएचडी ही नोकरीसारखी जाहिरात निघून भरतात. सगळ्यांना एकच मेल मारायला सांगणं म्हणजे उगाच स्पॅम.

मॉक इंटरव्ह्यूबद्दल दोनच शब्द, वेळ वाया. 'स्ट्रेंग्थ-वीकनेस सांगा' असले प्रश्न.

शेवटचा किस्सा अ‍ॅडमिटनंतरचा. पहिलं अ‍ॅडमिट आलं, फंडिंगशिवायचं, लगेच काउन्सेलरचा फोन की या आठवड्यात डिपॉझिट भरा, सीट जाईल. पत्रात तारीख पुढची होती. आणि फंडिंगच्या ऑफर्सचं तर अमेरिकेत ठरलेलं आहे, काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव आहे, त्यावर सह्या केलेल्या युनिव्हर्सिटीज १५ एप्रिलच्या आधी फंडेड ऑफरचं उत्तर द्यायची जबरदस्ती करू शकत नाहीत. फंडिंग नसलेल्या अ‍ॅडमिटला हा ठराव लागू होत नाही, तिथे पत्रातलीच तारीख. मी त्यांना लिंक पाठवली, ताकास तूर नाही. त्यांना घाई का असते ते नंतर कळलं, व्हिसा पॅकेज डिपॉझिट भरल्यावरच विकता येतं. मी थांबले, मार्चमधे आरएशिपसकट दुसरं आलं, त्यांच्या यादीत नसलेल्या ठिकाणाहून, जिथे लॅबचे पेपर वाचून मी आपणहून फॉर्म भरला होता. तो फॉर्म 'एक्स्ट्रा युनिव्हर्सिटी' म्हणून त्यांनी तपासायला पण जास्तीचे पैसे मागितले होते हे लिहायचं राहिलं.

तर अडीच स्टार. दोन फॉर्मवाल्या माणसाला आणि ट्रॅकरला, अर्धा ग्रामरला. घ्यायचीच असेल तर सगळ्यात छोटं पॅकेज घ्या, डॉक्युमेंट चेकचं, आणि पैसे भरायच्या आधी कॉलवर तीन गोष्टी विचारा, आयटार माहितीये का, एटास माहितीये का, आणि मला ज्या विषयात काम करायचंय त्यातल्या दोन लॅब्सची नावं सांगा. नेटवर शोधतायत तो आवाज कीबोर्डचा येतोच, तेवढं ऐका.

काल त्यांचा मेसेज आलाय की पाच स्टार दिले तर व्हिसा पॅकेजवर डिस्काउंट देऊ. चेकलिस्टमधे एटास अजून नाहीये, आत्ताच बघितलं.